गिल्ड वॉर्स २ नव्याने सुरू केलाय आणि खेळ अडकतोय: लॅग नेमका कुठला, ते आधी ओळखा

गिल्ड वॉर्स २ या ऑनलाइन खेळात पहिले पात्र तयार करून आठवडाही होत नाही, तोच बहुतेक नव्या खेळाडूंचा एकच प्रश्न येतो: ‘लॅग होतंय, काय करू?’ उत्तरे लगेच मिळतात. डीएनएस बदला, ग्राफिक्स कमी करा, व्हीपीएन लावा, ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या. यातले प्रत्येक उत्तर वेगळ्या दुखण्यावरचे आहे आणि आपले दुखणे कुठले हे न पाहता सगळे उपाय एकाच संध्याकाळी केले, की नंतर कशाने फरक पडला आणि कशाने बिघडले हेही कळेनासे होते.

या खेळात ‘लॅग’ म्हणून जे सांगितले जाते ते तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार नेटचा: तुमची आज्ञा सर्व्हरपर्यंत उशिरा पोहोचते. दुसरा फ्रेमचा: संगणक चित्र पुरेशा वेगाने काढू शकत नाही. तिसरा फाइलींचा: लागणारा नकाशा किंवा पात्रांची रूपे डिस्कवरून वेळेत येत नाहीत किंवा अजून डाउनलोडच झालेली नसतात. तिन्ही वेळा पडदा अडखळतो, म्हणून तिन्हींना एकच नाव पडले आहे.

दोन मिनिटांची चाचणी

गिल्ड वॉर्स २ मध्ये तुमच्या पात्राची हालचाल आधी तुमच्याच संगणकावर ठरते आणि मग सर्व्हरला कळवली जाते. कौशल्ये, इजा, लूट, दरवाजे, संवाद हे सगळे मात्र सर्व्हरच्या होकारावर चालते. पहिल्या दोन दुखण्यांमधला फरक ओळखायला ही एवढी गोष्ट पुरते.

मोकळ्या जागी उभे राहा. उजवे बटण दाबून कॅमेरा गोल फिरवा, मग पळत दोन-तीन उड्या मारा. कॅमेरा आणि पळणे झटके घेत असेल तर तो नेटचा दोष नाही, फ्रेमचा किंवा फाइलींचा आहे. पळणे लोण्यासारखे गुळगुळीत आहे, पण कौशल्याचे बटण दाबल्यावर हात हवेत हलतो आणि राक्षसाला लागतच नाही, किंवा सगळी इजा तीन सेकंदांनी एकदम पडते, तर नेट पाहायचे. पात्र पुढे जाऊन अचानक मागच्या जागी ओढले जाते (रबर बँडिंग), तेही नेटच, आणि बहुधा पॅकेट (नेटवरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे) हरवण्याचे लक्षण.

आता एफ ११ दाबून ऑप्शन्स उघडा. खालच्या कोपऱ्यात एफपीएसचा (संगणक सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, काढतो त्याचा) आकडा दिसतो. तो एकदा रिकाम्या जागी पाहा आणि एकदा गर्दीत. गर्दीसाठी वर्ल्ड बॉसची (ठरल्या वेळी येणारा मोठा राक्षस, त्याला सगळे मिळून मारतात) वेळ सोयीची. खेळातल्या पाच वंशांचे सुरुवातीचे नकाशे वेगवेगळे आहेत. माणसांच्या क्वीन्सडेल नकाशात शॅडो बिहीमथ भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७:१५, रात्री ९:१५, ११:१५ असा दर दोन तासांनी येतो. असुरांच्या मेट्रिका प्रॉव्हिन्समध्ये फायर एलिमेंटल ८:१५ आणि १०:१५ ला, सिल्वारींच्या कॅलेडॉन फॉरेस्टमध्ये जंगल वर्म ८:४५ आणि १०:४५ ला, नॉर्नांच्या वेफेअरर फूटहिल्समध्ये स्वानीर शामन ७:४५ आणि ९:४५ ला. ‘चार’ नावाच्या पाचव्या वंशाच्या सुरुवातीच्या नकाशात असा बॉस नाही. रिकाम्या जागी ६० असलेला एफपीएस बॉससमोर १५ वर आला, तर दुखणे दुसऱ्या प्रकारचे. एफपीएस ४५ वर टिकून आहे तरी कौशल्ये लागत नाहीत, तर पहिल्या प्रकारचे.

पहिल्या आठवड्यातले खरे कारण: अर्धवट डाउनलोड

नव्या खेळाडूंच्या तक्रारींत हेच कारण सर्वांत जास्त वेळा निघते, आणि शोधले सर्वांत शेवटी जाते. खेळाचा लाँचर सगळे उतरेपर्यंत थांबवत नाही. थोडा भाग आला की ‘प्ले’ बटण उजळते आणि उरलेले खेळता खेळता मागून उतरत राहते. सोय चांगली आहे, पण तिचा परिणाम असा की नव्या नकाशात पाऊल टाकले की खेळ एकीकडे फाइली ओढत असतो आणि त्याच वायरवरून तुमची कौशल्येही जात असतात. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) उसळते, पात्रे उशिरा दिसतात, लोडिंगचा पडदा दोन-दोन मिनिटे हलत नाही.

संपूर्ण खेळ ७० जीबीच्या आसपास जागा घेतो. ४० एमबीपीएसच्या नेटवर तेवढे उतरायला चार तास लागतात, १०० एमबीपीएसवर दीड-पावणेदोन तास. त्यामुळे पहिल्या दिवशी खेळू नका, रात्रभर उतरू द्या. लाँचरमध्ये खाली उरलेल्या फाइलींचा आकडा दिसत असतो, तो शून्यावर येईपर्यंत प्ले दाबायचे नाही.

हे काम आज्ञेनेही होते. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर उजवे क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट. तिथल्या ओळीच्या अगदी शेवटी, अवतरणचिन्ह संपल्यावर एक जागा सोडून ‘-इमेज’ लिहा (आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांतच लिहायच्या, वजाचे चिन्ह आणि शब्द यांच्यात जागा नको). आता शॉर्टकट उघडला की खेळ सुरू होणार नाही, फक्त सगळे बाकी अपडेट उतरवून लाँचर बंद होईल. काम झाले की आज्ञा काढून टाका, नाहीतर ‘खेळ उघडून लगेच बंद होतो’ अशी नवी तक्रार उभी राहते. स्टीमवाल्यांनी हीच आज्ञा लायब्ररीत खेळावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या लाँच ऑप्शन्समध्ये लिहायची.

डाउनलोड पूर्ण असूनही नकाशे उघडायला वेळ लागत असेल तर ‘-मॅपलोडइन्फो’ ही आज्ञा लावून पाहा. लोडिंगच्या पडद्यावर टक्केवारी आणि लागलेला वेळ दिसू लागतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर लायन्स आर्चसारखे गजबजलेले शहर उघडायला मिनिटभर किंवा जास्त लागणे नवल नाही. खेळ एसएसडीवर हलवला की हा वेळ झपाट्याने उतरतो आणि त्यासाठी पुन्हा डाउनलोडही लागत नाही: स्वतंत्र लाँचरवाल्यांनी पूर्ण फोल्डर उचलून नव्या ड्राइव्हवर ठेवायचा आणि शॉर्टकट नवा करायचा. खेळाचा जवळजवळ सगळा डेटा एकाच प्रचंड फाइलीत असतो. दर वेळी तीच फाइल अँटीव्हायरस तपासत बसला तरी असाच त्रास होतो, म्हणून खेळाचे फोल्डर त्याच्या अपवादांत टाका.

ठरावीक नकाशातच, ठरावीक जागीच खेळ बंद पडतो, असे असेल तर ती फाइल खराब झाली असण्याची शक्यता मोठी. डाउनलोड चालू असताना वीज गेली की हे होते. ‘-रिपेअर’ ही आज्ञा लावून एकदा उघडा. तपासणीला हार्ड डिस्कवर बराच वेळ लागतो, मधे तोडू नका. खराब तुकडे तेवढेच पुन्हा उतरतात.

फ्रेमचे दुखणे

हा खेळ २८ ऑगस्ट २०१२ रोजी आला. त्याचे इंजिन ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर, तेही प्रोसेसरच्या एकाच मुख्य धाग्यावर जास्त भार टाकते. म्हणून नवे महाग कार्ड असूनही पन्नास लोकांच्या गर्दीत फ्रेम पडतात, आणि खेळाडू बुचकळ्यात पडतो. सरसकट सगळी सेटिंग्ज ‘लो’ करून उपयोग थोडा आणि खेळ विद्रूप. योग्य तीन-चार जागीच हात घालावा.

पहिली जागा कॅरेक्टर मॉडेल लिमिट. एका वेळी किती खेळाडू पडद्यावर काढायचे हे ती ठरवते. लोएस्ट किंवा लो करा. गर्दीत सर्वांत मोठा फरक याच एका सेटिंगने पडतो, आणि तुमचे काही बिघडत नाही, कारण बॉस दिसतोच. तिच्यासोबतचे कॅरेक्टर मॉडेल क्वालिटी मीडियमखाली ठेवा. मग शॅडोज आणि रिफ्लेक्शन्स कमी करा. टेक्स्चर मात्र कार्डाच्या मेमरीला झेपत असतील तर तसेच राहू द्या, त्यांचा प्रोसेसरवर फारसा भार नसतो. रेंडर सॅम्पलिंग चुकून सुपरसॅम्पलवर असेल तर नेटिव्हवर आणा. फ्रेम लिमिटर ६० वर ठेवला तर लॅपटॉप कमी तापतो.

लॅपटॉपवर आणखी एक नेहमीची गडबड: दोन ग्राफिक्स चिप असतात आणि खेळ प्रोसेसरमधल्या साध्या चिपवरच चालत राहतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स असे जा, यादीत खेळाची जीडब्ल्यू२-६४ ही फाइल जोडा आणि हाय परफॉर्मन्स निवडा. चार्जर लावलेला असू द्या. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतात.

पहिली वीस मिनिटे उत्तम आणि मग हळूहळू फ्रेम पडत जातात, तर ती उष्णता आहे. नागपूर, अकोला किंवा परभणीच्या मे महिन्यात दुपारी पंख्याखाली ठेवलेला लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवणारच. मागच्या बाजूला दोन पुस्तके ठेवून तो उचला, जाळीतली धूळ काढा, फ्रेम लिमिटर ३० वर आणून पाहा. गादीवर ठेवून तर खेळूच नका.

नेटचे दुखणे

आता अवघड भाग, आणि इथे थोडे बारकाईने जायला हवे.

भारतात या खेळाचा सर्व्हर नाही. खाते उत्तर अमेरिका किंवा युरोप यांपैकी एका विभागात असते, आणि दोन विभागांतले खेळाडू एकमेकांसोबत खेळू शकत नाहीत (बाजार, म्हणजे ट्रेडिंग पोस्ट, तेवढा सामाईक आहे). युरोपचे सर्व्हर फ्रँकफर्टला आहेत, अमेरिकेचे व्हर्जिनियात. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साधारण साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद ही निसर्गानेच घातलेली सीमा झाली. तार सरळ जात नाही. वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागलेल्या केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र असा वळसा घेतात. म्हणून महाराष्ट्रातून युरोपला १२० ते १६० मिलिसेकंद हे निरोगी पिंग समजा. अमेरिकेला २०० ते २५०. कोणी ‘अमुक सेटिंग करा, पिंग ४० होईल’ म्हणत असेल तर ते शक्य नाही, त्यात वेळ घालवू नका.

विभाग निवडताना अंतरापेक्षा सोबत महत्त्वाची. चुलतभाऊ न्यू जर्सीत आहे आणि त्याच्यासोबतच खेळायचे आहे, तर अमेरिकाच घ्या. स्थिर २२० मिलिसेकंदांत कथा, नकाशे, वर्ल्ड बॉस सगळे नीट खेळता येते. एरवी युरोप. आपल्या रात्रीच्या ९ ला जर्मनीत हिवाळ्यात दुपारचे साडेचार वाजलेले असतात, नकाशांत पुरेशी माणसे भेटतात. आणि खाते तयार करण्याआधी एक ध्यानात ठेवा: स्टीममधून बनवलेले खाते आणि स्वतंत्र लाँचरवर बनवलेले खाते वेगवेगळी असतात, मागाहून जोडता येत नाहीत. जुने खाते स्टीममधून उघडायचे तर लाँच ऑप्शन्समध्ये ‘-प्रोव्हायडर पोर्टल’ लिहावे लागते.

मुद्दा असा की पिंग किती आहे यापेक्षा ते किती डुलते आणि किती पॅकेट हरवतात, यावर खेळ अवलंबून असतो. कारण हा खेळ टीसीपीवर, म्हणजे पॅकेट क्रमानेच पोहोचवणाऱ्या पद्धतीवर चालतो. टीसीपीत एक पॅकेट हरवले की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी रांगेत थांबतात, बसच्या दारात एक जण सुट्ट्या पैशांसाठी अडला की मागचे सगळे अडतात तसे. फ्रँकफर्टचा फेरा लांबचा, त्यामुळे पुन्हा मागवण्यातही वेळ जातो. जग गोठते, राक्षस जागच्या जागी पळतात, आणि मग एकदम सगळे भरभर घडते. १५० मिलिसेकंदांचे स्थिर नेट यापेक्षा शतपटीने बरे. शंभरात दोन पॅकेट हरवणारे ११० मिलिसेकंदांचे नेट खेळायच्या लायकीचे नसते.

मोजायचे असे. खेळ चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागातून रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्क, मग टीसीपी कनेक्शन्स. यादीत जीडब्ल्यू२-६४ शोधा. तिथे पॅकेट लॉस आणि लेटन्सी असे दोन रकाने असतात. हा आकडा खेळाच्या खऱ्या जोडणीचा आहे, कुठल्या वेगळ्या चाचणीचा नाही, म्हणून सर्वांत भरवशाचा.

त्यानंतर दोष कुठे आहे ते पाहायचे, घरात की बाहेर. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाइप केले की डिफॉल्ट गेटवे म्हणून राऊटरचा पत्ता दिसतो. त्याला शंभर पिंग पाठवा (पिंग, वजा एन, १००, मग पत्ता). वायरने जोडलेल्या संगणकावर प्रत्येक उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवे, चांगल्या वायफायवर १ ते ५. मधूनच ८०, २००, ‘टाइम्ड आउट’ असे दिसले तर फ्रँकफर्टपर्यंत जायची गरजच नाही, दोष तुमच्या दोन खोल्यांमध्ये आहे. शेजारच्या बारा घरांचे राऊटर २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच चॅनेलवर ओरडत असतात. ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा. भिंती जाड असतील आणि ते पोहोचत नसेल तर २.४ वर चॅनेल १, ६, ११ यांपैकी मोकळे असेल ते घ्या. पण सर्वांत खात्रीचा आणि स्वस्त उपाय कॅट ६ ची पंधरा मीटरची लॅन केबल. दाराच्या चौकटीवरून नेली तरी चालेल.

राऊटरपर्यंत सगळे ठीक आणि तरी रोज रात्री विशिष्ट वेळीच पिंग चढते, तर घरातले अपलोड तपासा. कुणाच्या तरी फोनवरून लग्नाचे व्हिडिओ गूगल फोटोजवर चढत असतात, आणि अपलोडची वाट भरली की खेळाची इवलीशी पॅकेट त्यामागे अडकतात. डाउनलोडचा वेग अशा वेळीही पूर्ण दिसतो, म्हणून हे लक्षात येत नाही. खेळाच्या वेळेपुरता तो बॅकअप थांबवा. राऊटरमध्ये क्यूओएस (कुठल्या वाहतुकीला किती वाट द्यायची ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग सोडून द्यावा लागतो, पण पिंग स्थिर राहते. विंडोज अपडेट आणि वनड्राइव्हही याच यादीत.

घर निर्दोष ठरले की बाहेर. खेळाच्या चॅटमध्ये तिरकी रेघ आणि लगेच इंग्रजीत ‘आयपी’ ही दोन अक्षरे लिहून एंटर करा. ज्या सर्व्हरवर तुमचा नकाशा चालला आहे त्याचा पत्ता आणि पोर्ट दिसतो. नकाशा बदलला की पत्ता बदलतो, म्हणून त्रास होतो त्याच नकाशात तो घ्या. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पाथपिंग आणि तो पत्ता. पाच-सहा मिनिटे लागतात, शेवटी प्रत्येक टप्प्यावर किती टक्के पॅकेट हरवली याची यादी येते.

ही यादी वाचताना सगळ्यांची चूक होते. मधल्याच एका टप्प्यावर ४० टक्के नुकसान दिसते आणि पुढच्या टप्प्यांवर शून्य, तर तिथे काहीही बिघडलेले नाही; तो राऊटर फक्त अशा चौकशीला उत्तर द्यायला कंटाळा करतो, पुढची वाहतूक व्यवस्थित नेतो. नुकसान एका टप्प्यावर सुरू होऊन शेवटपर्यंत टिकत असेल तरच तो टप्पा दोषी. शेवटचा पत्ता स्वतः उत्तर देत नसेल तर त्याच्या आधीच्या उत्तर देणाऱ्या टप्प्यापर्यंतचे बघा. टप्प्यांच्या नावांत सिंगापूर दिसले, तर तुमची पॅकेट युरोपला जायला पूर्वेचा वळसा घेत आहेत, आणि १३० चे २५० का झाले याचे उत्तर मिळाले.

समुद्रातली केबल तुटली तरी हेच होते. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या आणि आशिया-युरोप वाहतूक लांबच्या मार्गांनी वळवावी लागली. अशा वेळी घरात कितीही सेटिंग बदलली तरी काही होणार नाही. दुरुस्तीला आठवडे लागतात. एका रात्रीत पिंग शंभरने वाढून तिथेच स्थिर राहिले, आणि दुसऱ्या कंपनीचे नेट असलेल्या मित्राचेही वाढले, तर आधी केबलची बातमी आहे का पाहा.

नेट कंपनीकडे तक्रार करताना ‘गेम लॅग होतो’ म्हणू नका. तिकडून स्पीड टेस्ट करायला सांगतात, ती शहरातल्याच सर्व्हरशी होते आणि छान येते, तक्रार बंद. त्याऐवजी सकाळी ७ चे आणि रात्री ९:३० चे अशी पाथपिंगची दोन निकालपत्रे जोडा, कुठल्या टप्प्यापासून नुकसान सुरू होते ते लिहा आणि ‘राऊटिंगची तक्रार, नेटवर्क टीमकडे पाठवा’ असे स्पष्ट शब्दांत मागा. तीन दिवसांची निकालपत्रे असतील तर आणखी चांगले.

व्हीपीएन किंवा गेमिंग राऊट विकणाऱ्या सेवा फक्त एकाच परिस्थितीत कामाच्या असतात: तुमच्या कंपनीचा मार्ग वाकडा आहे आणि त्या सेवेचा सरळ. मार्ग मुळात सरळ असेल तर मधे एक थांबा वाढून पिंग वाढतेच. चाचणीचा मोफत काळ असेल तेव्हा रिसोर्स मॉनिटरचे आकडे आधी-नंतर लिहून घ्या, मग पैसे द्या. डीएनएस बदलल्याने खेळातल्या पिंगला काहीही होत नाही. डीएनएसचे काम जोडणी सुरू होताना पत्ता शोधून देणे, तिथे संपते. मोठ्या प्लॅननेही पिंग उतरत नाही. खेळ चालताना फारच थोडी बँडविड्थ लागते.

लॉगिनवरच अडते किंवा मधेच बाहेर फेकले जाते

‘नेटवर्क एरर’ आणि कोड ७:११:३ ने सुरू होणारा, ही नव्या खेळाडूंची जुनी ओळख. सर्व्हरशी असलेली जोडणी तुटली एवढाच त्याचा अर्थ. खेळ ६११२, ८० आणि ४४३ ही पोर्ट (जोडणीची क्रमांक दिलेली दारे) वापरतो. कॉलेजच्या होस्टेलात, ऑफिसच्या नेटवर आणि काही सोसायट्यांच्या सामाईक नेटवर ६११२ बंद केलेला असतो. शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये ‘-क्लायंटपोर्ट ८०’ लिहून पाहा (आकडा इंग्रजी अंकांत), नाही जमले तर ४४३. ही एक आज्ञा होस्टेलवाल्यांचा निम्मा त्रास संपवते.

घरच्या नेटवर दर काही मिनिटांनी तुटत असेल तर राऊटरचे दिवे बघत बसा. खेळ तुटतो त्याच क्षणी दिवे विझून पुन्हा लागतात का? वीज क्षणभर लुकलुकली, इन्व्हर्टरने उडी घेतली, की संगणक तगतो पण राऊटर रीस्टार्ट होतो आणि जोडणी परत यायला दोन-तीन मिनिटे जातात. राऊटर आणि फायबरचा डबा दोन्हींना १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच घ्या. ९ व्होल्टच्या राऊटरला १२ व्होल्ट देऊ नका.

दर वेळी लॉगिनला ई-मेलमधून परवानगी मागितली जाते, हा बिघाड नाही. नव्या ठिकाणाहून कोणी खाते उघडत आहे असे खेळाला वाटते, कारण मोबाइल हॉटस्पॉटवर आणि बऱ्याच घरगुती जोडण्यांवरही आयपी पत्ता बदलत राहतो. खात्याच्या सुरक्षा पानावर ऑथेंटिकेटर ॲप जोडा. मग मेलची वाट पाहावी लागत नाही, फोनवरचा सहा अंकी कोड पुरतो, आणि खाते चोरीपासूनही वाचते.

काय दुरुस्त होत नाही, आणि त्यात कसे खेळायचे

वर्ल्ड व्हर्सेस वर्ल्ड या खेळाडूंच्या आपसातल्या युद्धात तीन बाजूंच्या मोठ्या फौजा एका किल्ल्यावर भिडल्या की कौशल्ये सेकंद-सेकंद लागत नाहीत. फ्रँकफर्टमध्ये बसलेल्यालाही तेव्हा तेच भोगावे लागते. तो सर्व्हरवरचा भार आहे. चॅटमध्ये सगळेच तक्रार करत असतील तर तुमचे नेट सोडून द्या.

१५० मिलिसेकंदांची सवय आठ-दहा दिवसांत होते. चुकवण्याची उडी (डॉज) पाऊण सेकंद तुम्हाला वाचवते, म्हणजे १५० मिलिसेकंद गेले तरी बरीच शिल्लक उरते. फक्त राक्षसाचा हात खाली येताना नको, वर जाताना दाबा. उडीला ५० दम खर्च होतो, एकूण दम १००, आणि तो सेकंदाला ५ ने भरतो. म्हणजे दोन उड्या सलग वाया घालवल्या की पुढच्या उडीसाठी दहा सेकंद थांबणे आले. दोन वेळा दिशेचे बटण दाबले की आपोआप उडी मारणारी सोय ऑप्शन्समध्ये बंद करा. कड्यावर उभे असताना तिच्यामुळे खाली पडलेले खेळाडू लॅगला दोष देतात.

पहिले पात्र निवडताना नेक्रोमॅन्सर किंवा रेंजर घ्या. नेक्रोमॅन्सरचे मूळ आरोग्य ८० व्या पातळीला १९,२१२ आणि वर श्राउडची दुसरी जीवनपट्टी, त्यामुळे उशिरा लागलेल्या उडीची शिक्षा लगेच मरण नसते. रेंजर लांबून धनुष्य चालवतो आणि पुढे त्याचा प्राणी मार खातो. एलिमेंटलिस्टचे आरोग्य ११,६४५, आणि त्याला भराभर तत्त्वे बदलत लढावे लागते. आवडत असेल तर दुसरे पात्र म्हणून करा. मोफत खात्यात पात्रांसाठी दोन जागा असतात.

एवढे सगळे तपासूनही अडत असेल तर मदत मागताना पाच गोष्टी लिहा: विभाग कोणता, रिकाम्या जागी आणि गर्दीत एफपीएस किती, रिसोर्स मॉनिटरमधले लेटन्सी आणि पॅकेट लॉसचे आकडे, राऊटरला दिलेल्या शंभर पिंगांपैकी सर्वांत मोठे किती, आणि त्रास दिवसाच्या कुठल्या वेळी होतो. ‘-डायग’ ही आज्ञा लावून खेळ उघडला तर तो सुरू न होता नेटची तपासणी करून नेटवर्कडायग नावाची फाइल बनवतो. खेळाच्या मदत केंद्राला लिहिताना ती जोडा. त्या फाइलीत तुमचा आयपी पत्ता असतो, म्हणून ती सार्वजनिक ठिकाणी जशीच्या तशी चिकटवू नका.